गाडी गेली, नाव राहिलं

सोयाबीनचा पैसा हातात आला की वाशीम जिल्ह्यात जुन्या गाड्यांची चौकशी सुरू होते. रिसोड असो की मानोरा, मागणी एकच. "भाऊ, एखादी साधी गाडी सांगजा ना. लाखाच्या आतली. घरच्यापुरती." मागणी अगदी रास्त आहे. मागणाऱ्याला मिरवायचं नसतं. रात्री बापाच्या छातीत दुखायला लागलं तर त्याला अकोल्याला न्यायचं असतं, म्हातारीला पोहरादेवीला घेऊन जायचं असतं, पोरीला परीक्षेच्या केंद्रावर वेळेत सोडायचं असतं. शेवटची एसटी निघून गेल्यावर गावात उरतं काय? मोटारसायकल, नाहीतर दुसऱ्याच्या गाडीसाठी मनधरणी. अशा घराला एखादी चालती, दगा न देणारी जुनी अल्टो किंवा मारुती आठशे मिळणं ही मोठी गोष्ट आहे. म्हणून विकणाऱ्यानं ती नीट विकली पाहिजे. नेमकी तिथंच आपल्याकडे माती खाल्ली जाते.

सौदा कसा होतो ते पाहा. भाव ठरतो, इसार दिला जातो. चार दिवसांनी उरलेली रक्कम येते. बॉन्ड लिहिला जातो; ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा बॉन्ड चालत नाही, म्हणून पाचशेचा. दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, चहा. किल्ली हातात पडते. तेवढ्यात विकणाऱ्याला आठवतं आणि तो विचारतो, "नावाचं कसं?" घेणारा गाडीत बसल्याबसल्या म्हणतो, "करू ना भाऊ निवांत. कायले घाई करता? तुमच्या-आमच्यात काय लफडं होणार हाये?"

विकणारा मान डोलावतो. गाडी जाते, नाव राहतं.

हा निवांतपणा मला मान्य नाही. गावच्या माणसाला नाही कसं म्हणायचं, अविश्वास कसा दाखवायचा, हा संकोच मला कळतो. पण त्या संकोचाची किंमत कोण भरतं? आरसीवर ज्याचं नाव आहे तो.

मोटार वाहन कायदा, १९८८. कलम ५०. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं. परराज्यात विकली तर ४५ दिवसांत, आणि आधी ना-हरकत घेऊन. घेणाऱ्याला ३० दिवसांची मुदत. फॉर्म २९ म्हणजे विकल्याची वर्दी, फॉर्म ३० म्हणजे नाव चढवण्याचा अर्ज. एजंटांच्या भाषेत टीटीओचे फॉर्म. यात बॉन्ड कुठं आला? बॉन्ड हा तुमच्या दोघांतला करार. तो जपून ठेवा, भांडण झालंच तर कामाला येईल. पण रस्त्यावर, पोलीस ठाण्यात आणि अपघाताच्या न्यायाधिकरणात मालक म्हणून जे नाव वाचलं जातं ते आरसीवरचं.

हे सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ रोजी स्वच्छ सांगून टाकलं. खटला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार. नोंदणीकृत मालकानं जुलै २००७ मध्ये गाडी विकली होती. पुढे ती एका हातातून दुसऱ्या हातात, तिसऱ्या हातात गेली. आरसी मात्र पहिल्याच्याच नावावर. मे २००९ मध्ये त्या गाडीनं अपघात केला, एकाचा जीव गेला. पहिला मालक म्हणाला, मी तर गाडी केव्हाच विकली, माझा काय संबंध? उच्च न्यायालयानं त्याला सोडून ज्याच्याकडे गाडी शेवटी होती त्याच्यावर भार टाकला. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. ज्याचं नाव नोंदीत आहे तो मालक, भरपाई त्यानं द्यायची. न्यायालयाचं कारण मला मनापासून पटतं. ज्याच्या घरातला माणूस गेला त्यानं गाडीच्या मागच्या चार मालकांचा माग काढत दारोदार फिरायचं का? नोंदणी असते ती कशासाठी?

आता हे वाशीममध्ये आणून बसवा. तुमची २०११ ची गाडी तुम्ही मंगरूळपीरच्या एका ओळखीच्याला दिली. त्यानं वर्षभर वापरून मेहकरच्या पाहुण्याला दिली. पाहुण्यानं विमा भरला नाही. एका संध्याकाळी हायवेवर कुणाला तरी ठोकर लागली. समन्स मेहकरला जात नाही, तुमच्या दारात येतं. तुम्ही त्या पाहुण्याचं तोंडही पाहिलेलं नसतं.

इतकं भयंकर नको, साधं घ्या. काचेवर तुमचा फास्टॅग तसाच राहिला. तो तुमच्या बँक खात्याला जोडलेला. नवा मालक कारंज्याहून समृद्धीवर चढतो, टोल तुमच्या खात्यातून कटतो आणि मेसेज तुमच्या फोनवर वाजतो. कॅमेऱ्यानं धरलेलं वेगाचं चलानही तुमच्याच नावे. तेव्हा किल्ली देण्याआधी ब्लेड घ्या, काचेवरचा टॅग खरवडून काढा आणि बँकेत तो बंद करून टाका. पाच मिनिटांचं काम आहे. डिलिव्हरीच्या कागदावर तारखेसोबत वेळ लिहा, किलोमीटरचं रीडिंग लिहा. सकाळी साडेदहाला गाडी दिली असेल तर अकराचं चलान कोणाचं, याचं उत्तर कागदच देईल.

विम्याचं अनेकांना माहीत नसतं. गाडीची मालकी बदलली की थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्यानं नव्या मालकाकडे जातं, पण पॉलिसीवर नाव बदलण्याचा अर्ज त्यानं १४ दिवसांत करायचा असतो. नो क्लेम बोनस मात्र गाडीचा नसतो, तो तुमचा. कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीला वापरा. वर्षानुवर्षं सांभाळून गाडी चालवल्याची ती कमाई आहे, ती सोडून का द्यायची?

आता दुसरी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. चांगली जुनी गाडी विकणाऱ्याची तक्रार कायम एकच असते. "गाडी एक नंबर हाये, पण भाव कोणी देत नाही." खरं आहे. त्याचं कारण जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये जुन्या मोटारींच्याच बाजाराचं उदाहरण घेऊन मांडलं. गाडीत काय दडलंय ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. मग घेणारा प्रत्येक गाडीला मधला भाव सांगतो. त्या भावात खटारावाला खुशीनं विकतो, चांगल्या गाडीवाला परत जातो. बाजारात खटारे उरतात, भाव आणखी पडतो. ही मांडणी करणारा त्याचा लेख तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. पुढे २००१ मध्ये अकेरलॉफला नोबेल मिळालं.

यातून सुटण्याचा रस्ता विकणाऱ्याच्याच हातात आहे. खरं काय ते घेणाऱ्याला तपासू द्या. फुकट, निवांत, हवं तितकं.

आपल्या बैलबाजारात हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या आहे. गिऱ्हाईक दात पाहतं, खूर पाहतं, पाठीवर थाप मारतं, बैल चालवून पाहतं. आणि ज्याचा बैल खरा तो दोरी सोडून बाजूला उभा राहतो. गाडीच्या वेळी मात्र आपण बॉनेटला हात लावू देत नाही.

घेणारा सकाळी आठला येणार असेल तर गाडी आधी गरम करून ठेवू नका. थंड इंजिन त्याच्यासमोर सुरू होऊ द्या. थंड इंजिनाचा पहिला आवाज आणि सायलेन्सरचा पहिला धूर, मिस्त्री अर्धी परीक्षा यावरच करतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. थंडीतली पांढरी वाफ थोड्या वेळात थांबली तर काळजी नाही, थांबलीच नाही तर आहे. बॉनेट उघडून ऑइलची पट्टी काढा, कापडानं पुसा, परत घालून काढा, त्याच्या हातात द्या. ऑइल फिलरचं झाकण उघडून दाखवा. आतून दुधासारखा थर असेल तर पाणी ऑइलात मिसळतंय, आणि तसं असेल तर ते तुम्हीच आधी सांगायला हवं. इंजिन वॉश करून चकचकीत करू नका. गळती लपवायला धुतलंय, असा जाणकाराचा पहिला संशय असतो. धुळीचं कोरडं इंजिन जास्त खरं बोलतं.

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१८ असेल तर २०१८ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असलेला टायरही वयानं कडक होतो, भेगा पडतात. हे तुम्हीच दाखवा. दाराखालचा पत्रा, डिकीतल्या स्टेपनीखालचा पत्रा, गंज इथं बसतो. मॅट उचलून दाखवा. गाडीचा डावा फेंडर रंगवला असेल तर कुठं, कधी, कशानं घासला ते सांगा. क्लच वर आला असेल तर सांगा. एसी पुरता थंड करत नसेल तर सांगा. "इंजिन खोललेलं नाही" हे वाक्य खरं असेल तरच तोंडातून काढा. घेणाऱ्याला त्याचा मिस्त्री आणू द्या, आणि मिस्त्री गाडी मालेगाव रस्त्यावर दहा किलोमीटर पळवतो म्हणाला तर शेजारच्या सीटवर बसून जा. जो दोष तुम्ही सांगितला तो भावातून हजार-दोन हजार कमी करतो. जो त्यानं शोधून काढला तो तुमच्या सगळ्या बोलण्यावरचा विश्वास घेऊन जातो.

भावाचं एक. "मी या गाडीवर एवढा खर्च केला" हे गिऱ्हाइकाला सांगून उपयोग नाही. तुम्ही टायर टाकले, बॅटरी टाकली, ते तुम्ही वापरलं. खर्चाची बिलं मात्र जरूर दाखवा. सर्व्हिसिंगच्या पावत्यांची तेलकट पिशवी शोरूम कंडिशनच्या शंभर गप्पांना भारी आहे. किलोमीटर मागे फिरवलं की नाही ते त्याच पावत्या सांगतात.

पंधरा वर्षांचं प्रकरण जरा सविस्तर घेतो, कारण सध्या सगळ्यात जास्त घोळ तिथं आहे. मारुती ८०० ची पहिली किल्ली इंदिरा गांधींनी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण त्याआधीच, एप्रिल २०१० मध्ये नवे प्रदूषण निकष आले तेव्हा मुंबई, पुणे, सोलापूरसारख्या शहरांत तिची विक्री बंद झाली. पुढची वर्षं ती आपल्यासारख्या जिल्ह्यांतच विकली गेली. म्हणजे शेवटच्या काळातल्या आठशे या लहान गावांतल्या गाड्या. २०१० ची एमएच ३७ पासिंगची आठशे पंधरा वर्षांची झाली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. मग लोक घाबरतात, "आता भंगारातच द्या लागते" म्हणतात, आणि भंगारवाला किंवा दलाल त्या भीतीवर कमावतो.

भंगारात द्यावी लागत नाही. पंधरा वर्षं झाली की गाडी रस्त्याबाहेर, हे दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यासाठी तिथल्या हवेमुळे निघालेले आदेश होते. आपल्याकडे खाजगी गाडी आरटीओत दाखवायची, ती तंदुरुस्त निघाली की नोंदणीचं नूतनीकरण होतं, ज्याला सगळे रिपासिंग म्हणतात. पाच वर्षांसाठी. पण खर्च वाढलाय. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीला त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला ही फी १०,००० झाली. त्यावर पर्यावरण कर वेगळा. लाखाच्या आतल्या गाडीला हा डोंगर आहे, आणि मला तो अन्यायाचा वाटतो. वर्षाला फार तर चार-पाच हजार किलोमीटर फिरणारी, नीट राखलेली गाडी ज्या घराची आहे त्या घराला नवी घेणं परवडत नाही. परवडलं असतं तर त्यानं जुनी कशाला राखली असती?

तरीही माझं म्हणणं आहे की मुदत संपत आली असेल तर रिपासिंग करूनच गाडी विका. खर्च भावात धरा, उघड सांगून धरा. अर्धवट कागदाची गाडी स्वस्तात गळ्यात मारली की तो गरीब माणूस ती कागदाशिवायच चालवणार, आणि नाव अजून तुमचंच.

नंबरप्लेटचंही तसंच. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा प्लेट लागते. मोटारीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. ती नसेल तर आरटीओ नाव बदलण्याचं काम हातात घेत नाही. म्हणजे जाहिरात टाकण्याआधी प्लेट. कर्ज फिटलं असेल पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवा. दहा वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच पडलेला असतो आणि सौद्याच्या दिवशी उजेडात येतो.

आणि वडिलांच्या नावावरची गाडी. वडील गेले, गाडी अंगणात उभी, मुलगा विकायला काढतो आणि फॉर्मवर सही कोणाची करायची हा प्रश्न येतो. काही जण वडिलांची सही स्वतःच ठोकतात. हा गुन्हा आहे, करू नका. आधी फॉर्म ३१ भरून, वारसांची संमती जोडून गाडी स्वतःच्या नावावर घ्यायची, मग विकायची. महिनाभर जास्त जाईल. बहिणीची सही लागेल. तिला फोन करा, गाडी विकतोय हे तिलाही कळलं पाहिजे.

ऑनलाइन जाहिरात टाकली की पहिला फोन बहुधा फसवणाऱ्याचा येतो. "मी आर्मीत हाय, गाडी न पाहताच घेतो, स्कॅनर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील." पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि पिनही लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा. आरसीचा आणि आधारचा फोटो कुणालाही व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. गाडी पाहायला या म्हणावं, कागद समोर दाखवतो.

जुन्या गाड्यांच्या डीलरला विकत असाल तर १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे त्याच्याकडे आरटीओचं अधिकारपत्र हवं आणि गाडी ताब्यात घेतल्याची नोंद पोर्टलवर व्हायला हवी. ते पत्र दाखवा म्हणायला लाजू नका. खुल्या फॉर्मवर सही करून गाडी सोडून येणं, म्हणजे घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवणं, यानंच गाड्या चार-चार हात फिरतात. कोऱ्या फॉर्मवर सही द्यायची नाही. कुणालाही नाही. मेहुण्यालाही नाही.

आरटीओलाही एक सांगणं आहे. कार्यालय वाशीमला. मानोऱ्याच्या माणसाची नावबदलासाठीची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी. तालुक्याला लायसन्सची शिबिरं भरतात, तिथंच नावबदलाचे कागदही घ्यावेत, पोच द्यावी. आधारवर ऑनलाइन अर्जाची सोय आहे, पण ज्याचा मोबाइल आधारला जोडलेला नाही त्याचं काय? तो एजंटाकडे जातो, एजंट सांगेल ते देतो, आणि कंटाळून "निवांत करू" म्हणतो.

तोवर विकणाऱ्यानं करण्यासारखं सोपं आहे. गिऱ्हाईक दोन असतील, एक पाच हजार जास्त देणारा पण नावाचं नंतर म्हणणारा आणि दुसरा आजच वाशीमला चला म्हणणारा, तर दुसऱ्याला द्या. पैसे खात्यात घ्या. फॉर्म २९ आणि ३० दोघांनी मिळून भरा, पोच स्वतःकडे ठेवा. ठरलेल्या रकमेच्या वर पाच हजार अनामत म्हणून बाजूला धरा, नाव चढलं की परत करतो असं बॉन्डवरच लिहा. गाडीची एक किल्ली द्या, दुसरी ठेवून घ्या. दर आठवड्याला मोबाइलवर परिवहनच्या अॅपमध्ये गाडीचा नंबर टाकून पाहा. तिथं मालकाच्या नावाची अक्षरं बदलली की त्याला फोन लावा, अनामत खात्यात टाका आणि दुसरी किल्ली नेऊन द्या.